बिनपावतीचा बाजार

२ जानेवारी, गुरुवार

डायरी लिहायला घेतली. खताच्या दुकानदारानं फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतीचा एकेक सल्ला छापलाय. आजचा: ढगाळ हवेत फवारणी टाळा. मी शेती करत नाही, पण सल्ला चांगला आहे.

संकल्प तीन. एक, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणे. दोन, चहात साखर बंद. तीन, डायरीची मागची पानं वाचायची नाहीत. माणूस मागं बघत बसला की पुढं जात नाही.

ऑफिसात आज मोठी गोष्ट घडली. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. राजलक्ष्मी मॅडम, वय एकतीस, माझ्या साहेब. माझी नोकरीच तीस वर्षांची. म्हणजे मी लागलो तेव्हा मॅडम रांगत होत्या. असो.

विषय असा. आठवडे बाजारात शेतकरी स्वतः पिकवलेला माल स्वतः विकत असेल, तर त्याच्याकडून बाजार फी घेत नाहीत, पावती फाडत नाहीत. ही माफी सरकार एक एप्रिलपासून बंद करणार. आणि ती बंद होऊ नये म्हणून सरकारनंच एक माफी बचाव कक्ष काढलाय. दोन्ही पत्रं एकाच पाकिटातून आली. ज्या बाजाराचा प्रस्ताव एकतीस मार्चच्या आत मंजूर होईल, त्याची माफी वाचेल. आमच्या भागातून अटींत बसण्यासारखा बाजार एकच, माळवाडीचा. तो वाचवायला नोडल अधिकारी म्हणून माझं नाव.

मॅडमनी विचारलं, तुमच्याकडं सध्या काय काम आहे? म्हटलं, तसं विशेष काही नाही. म्हणाल्या, मग तुम्हीच घ्या. विश्वास म्हणतात तो हा.

इंदापूरहून बारामतीला येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं पाऊण तास. एसटीत उभा. गुडघा बोलायला लागलाय. घरी आल्यावर संजीवनीला बातमी सांगितली. बायको म्हणाली, चहात साखर घातलीय, तुमचं ते बंद उद्यापासून करा.

३ जानेवारी, शुक्रवार

चालणे: नाही. थंडी.

प्रस्ताव पंधरा दिवसांत पूर्ण करायचा. मुदत तीन महिन्यांची आहे, पण आपण मुदतीवर अवलंबून राहणाऱ्यांतले नाही.

९ जानेवारी, गुरुवार

माळवाडीला पाहणी. माळवाडी म्हणजे माझंच गाव. डाळजपासून दोन किलोमीटर, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून. दर गुरुवारी सकाळी सातला बाजार भरतो, बाराला उठतो. पुण्या-सोलापूरच्या गाड्या थांबतात. चाळीसएक जण बसतात, बहुतेक बायाच. माझी थोरली बहीण रतनआक्का पण बसते. कडुलिंबाच्या झाडाखाली, पहिलीच जागा. दाजी गेल्यापासून पंधरा गुंठे रान तीच करते. मेथी, वांगी, कोथिंबीर. त्यावर माझ्या भाचीचं, सुप्रियाचं, बारामतीतलं नर्सिंग चाललंय.

आक्काला सगळं समजावून सांगितलं. तिनं विचारलं, आनि पावती चालू झाली तर रं? म्हटलं, पाटीला वीस रुपये. आणि जागा ठेकेदार दाखवेल तिथं. म्हणाली, म्हंजी लिंबाखालनं उठवत्याल. उन्हात बसलं तर मेथी तासाभरात मान टाकती, सोपान. गिऱ्हाईक हात बी लावत न्हाय मग. ह्यो बाजार गेला तर पोरीचं शिक्षान ऱ्हायलं बघ.

म्हटलं, आक्का, माझ्यावर सोड. तिनं मेथीच्या जुड्या सावलीत सरकवल्या. मग म्हणाली, बरं. त्या एका शब्दात केवढा भरवसा होता!

आक्काची पिशवी मिळाली. मेथीच्या दोन जुड्या, वांगी, लिंबं. दर आठवड्याला देते. एरवी सुप्रियाबरोबर पाठवते, आज मी समक्षच होतो. भावाबहिणीत पैसे कसले? वांगी मात्र यावेळी जरा किडकी निघाली. पुढच्या वेळी सांगायला पाहिजे.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रस्तावाच्या अटी नीट वाचल्या. मुख्य अट: बाजार सलग पाच वर्षं चालू असल्याचा पुरावा, परिशिष्ट तीन. बाकी किरकोळ.

परत माळवाडी. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले, जुना ठराव होता, पण कपाट भिंतीला लागून होतं, वाळवी लागली. आक्काला सांगितलं. ती घरी गेली आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आली. २०१६ सालचा ग्रामसभेचा ठराव. दर गुरुवारी बाजार भरवावा, पिकवणाऱ्याकडून पावती घेऊ नये. खाली सरपंचाची सही, निळा गोल शिक्का. म्हणाली, ह्या कागदासाठी सात हेलपाटं घातल्यात मी तवा. जपून न्हे. झेरॉक्स काढ आनि ह्यो मला परत दे.

म्हटलं, आक्का, तीस वर्षं मी दुसरं काय केलं? कागदच सांभाळले.

ऑफिसच्या फायलीत ठेवला नाही. तिथं कागद हरवतात, हा अनुभव आहे. तूर्त याच डायरीत, याच पानात घडी घालून ठेवतोय. सेफ. उद्या झेरॉक्स.

पिशवी: मेथी, कोथिंबीर, वाटाणा. वांग्यांचं बोललो. आक्का म्हणाली, बरं, निवडून देत जाईन.

१७ जानेवारी, शुक्रवार

झेरॉक्सवाल्याकडं टोनर नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

सातबारा काढायला बसलो. सर्व्हर बंद.

२२ जानेवारी, बुधवार

सर्व्हर चालू. मी रजेवर. सर्दी.

३० जानेवारी, गुरुवार

आजपासून खरी सुरुवात. जानेवारी हा वर्षाचा महिना धरूच नये, त्यात माणूस फक्त तारीख चुकवत असतो.

अडचण निघाली. माल पिकवणाऱ्यानंच विकला पाहिजे, आणि पिकवणारा म्हणजे ज्याचं सातबाऱ्यावर नाव. विकायला बसतात बाया आणि सातबाऱ्यावर नावं पुरुषांची. त्यातले निम्मे हयात नाहीत. आक्काच्या रानावर अजून दाजींचं नाव आहे. म्हणजे सरकारी हिशेबानं आक्काच्या पंधरा गुंठ्यांतली मेथी दाजी पिकवतात. उपाय काढला: प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र. एकेचाळीस प्रतिज्ञापत्रं. हा विचार महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

चहातली साखर: अर्धा चमचा. म्हणजे बंदच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रतिज्ञापत्रं झाली. एकेचाळीसपैकी अठ्ठावीस. तेरा बाया म्हणाल्या, अंगठा एकदाच उठवू, काय पायजे ते एकदाच लिवून आना. त्यांना प्रक्रिया कळत नाही.

म्हस्कूतात्या पेरू घेऊन बसतात, बाजारातले सगळ्यांत वडील. त्यांनी विचारलं, सोपानराव, सरकारला माफी ठिवायची हाय का काढायची हाय? म्हटलं, तात्या, दोन्ही. म्हणाले, मग आमी कुठल्या सरकाराकडं तोंड करून बसायचं? अशिक्षित माणूस, पण प्रश्न विचारतो.

आक्कानं विचारलं, कागद कुठं हाय रं? म्हटलं, फायलीला लावलाय.

लावायचाच आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बचाव कक्षाचं पत्र. प्रस्तावांची प्रत्यक्ष पाहणी होणार. कक्षाचे उपसंचालक साहेब स्वतः माळवाडीला येणार, २० मार्च, गुरुवार, सकाळी अकरा वाजता.

मॅडम म्हणाल्या, काही वेगळं करू नका, नेहमीसारखा बाजार भरू द्या, साहेबांना बघू द्या. मी हो म्हणालो. पण मॅडम नवीन आहेत. एवढा मोठा अधिकारी गावात येणार आणि आपण नेहमीसारखं काय बसायचं? घरी पाहुणा आला तरी आपण सतरंजी झटकतो.

एसटीत विचार करत आलो. भिगवणच्या पुढं विचार सुचला. साहेबांच्या हस्ते उद्घाटन!

फीत, नारळ, शाल-श्रीफळ, भाषण दोन मिनिटं (माझं). स्वतःच्या हातानं फीत कापलेला बाजार कोण बंद करेल? मानसशास्त्र आहे हे.

संजीवनी म्हणाली, नऊ वर्षं चाललेल्या बाजाराचं उद्घाटन? म्हटलं, आपल्याकडं दवाखान्याचं तीनदा होतं.

४ मार्च, मंगळवार

परिशिष्ट तीन लावायला ठराव शोधला. फायलीत नाही. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाही. कपाटात मागच्या साहेबांची छत्री सापडली, ठराव नाही. कुठं तरी अतिशय सुरक्षित ठेवलाय, एवढं पक्कं आठवतंय.

तूर्त प्रस्तावात ‘परिशिष्ट ३ सोबत जोडले आहे’ असं लिहून टाकलं. साहेब साक्षात बाजार बघणार आहेत. डोळ्यांपुढं बाजार असताना कागदाला कोण विचारतो? प्रस्ताव रवाना. पंधरा दिवस म्हणालो होतो, साठएक लागले. तरी मुदतीच्या आधी.

खूप थकलो. बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही आठवत नाही, म्हणून घेतली.

६ मार्च, गुरुवार

ऋषिराज भेटायला आला. आमच्या भागातलाच तरुण, पांढरी गाडी, तीन गावच्या बाजारांची फी वसूल करायचा ठेका त्याच्याकडं आहे. म्हणाला, काका, उद्घाटनाचं ऐकलं. मांडव माझ्याकडून. फ्लेक्स माझ्याकडून. कोनशिला पण माझ्याकडून, काळ्या दगडात, सोनेरी अक्षरं, वर साहेबांचं नाव, खाली तारीख. तुम्ही फक्त मजकूर द्या.

डोळ्यांत पाणी आलं. माळवाडीत पावती चालू झाली तर ठेका यालाच मिळणार, आणि तोच माफी वाचवायला खिशातून खर्च करतो! माणुसकी अजून शिल्लक आहे.

कोनशिलेचा मजकूर मी स्वतः लिहिला. ‘माळवाडी शेतकरी आठवडे बाजार. भव्य शुभारंभ. दिनांक २० मार्च.’ भव्य हा शब्द ऋषिराजनं सुचवला.

पिशवी: वांगी निवडक.

१३ मार्च, गुरुवार

बाजार उठल्यावर लिंबाखाली सगळ्यांची मीटिंग घेतली. सूचना अशा. एक, २० तारखेला सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे. दोन, पाट्या एका रांगेत. तीन, सगळ्यांत महत्त्वाचं, साहेबांनी फीत कापेपर्यंत कुणीही काहीही विकायचं नाही. पहिली विक्री साहेबांच्या हस्ते. भवानीच साहेबांची झाली तर बाजाराला बरकत.

म्हस्कूतात्या म्हणाले, मेथीला फीत कळत न्हाय, सोपानराव, ती वाळती. सगळ्या बाया हसल्या. मी दुर्लक्ष केलं. शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो.

आक्का शेवटपर्यंत थांबली. म्हणाली, सोपान, साहेब बाजार बघाया येनार ना? मग बाजार चालू नगं का? आनि इतक्या वर्साच्या बाजाराची फीत कसली कापायची? म्हटलं, आक्का, हा प्रोटोकॉल आहे. म्हणाली, बरं. मग म्हणाली, कागद दिलास ना तेवढा? म्हटलं, जोडलाय.

तसं लेखी आहे प्रस्तावात.

आज होळी. पोळी दोन. आक्कानं गूळ पण दिला होता.

२० मार्च, गुरुवार

सकाळी ६.४०. माळवाडी. मांडव उभा. फ्लेक्स वीस फुटी. डाव्या कोपऱ्यात माझा फोटो, बारका पण स्पष्ट. लिंबाखालची जागा स्टेजला लागली, म्हणून आक्काला तूर्त बाजूला बसवलं. आजच्यापुरतं.

७.३०. सगळ्या बाया इस्त्रीत. आक्कानं सुप्रियाच्या गॅदरिंगची साडी नेसलीय. चाळीस जुड्या मेथी आणलीय.

८.१५. गाड्या थांबायला लागल्या. पुण्याच्या एका गाडीतल्या बाईंना कोथिंबीर पाहिजे होती. मी स्वतः जाऊन नम्रपणे सांगितलं की उद्घाटन व्हायचंय. त्या म्हणाल्या, कोथिंबिरीचं? गेल्या.

१०.००. साठेक गाड्या परत पाठवल्या. कडक शिस्त. ऋषिराज म्हणाला, काका, तुमच्यासारखा अधिकारी बघितला नाही.

११.००. साहेब निघालेत.

१२.३०. साहेब निघालेत.

१.४५. साहेब आत्ता खरंच निघालेत. मॅडमही आल्यात, दोनदा म्हणाल्या, विक्री चालू करा हो, लोक ताटकळलेत. मी म्हणालो, पाच मिनिटं. बायांनी पाट्यांवर पदर धरलेत. आक्का ओंजळीनं मेथीवर पाणी मारतेय. जेवली नाही. कुणीच जेवलं नाही.

३.४०. साहेब आले!

५.३०. थोडा निवांत बसलो. सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. फीत एका कात्रीत कापली गेली. नारळ एका घावात. शाल साहेबांच्या अंगावर शोभली. माझं भाषण नऊ मिनिटं. साहेबांनी कोनशिलेचा फोटो काढला, स्वतःच्या मोबाइलवर! फ्लेक्सपुढं उभं राहून तारीख वहीत लिहून घेतली. इतकं बारकाईनं कुणी बघत नाही. मग पहिली विक्री म्हणून साहेबांनी आक्काची एक जुडी उचलली. ती हातात लोंबायला लागली, तेव्हा परत ठेवली. मला विचारलं, आज सकाळपासून किती विक्री झाली? मी छाती पुढं काढून सांगितलं, एकही नाही साहेब, आपलीच वाट पाहत होतो.

त्यांनी तेही लिहून घेतलं.

साहेब गेल्यावर विक्री खुली केली. गिऱ्हाईक नव्हतं. चाळीस जुड्या आक्कानं शेळ्यांपुढं टाकल्या. मला हाक मारून पिशवी दिली. म्हणाली, वांगी तेवढी चांगली हायत, ती घे.

२४ मार्च, सोमवार

उत्कृष्ट अधिकारी पुरस्कारासाठी अर्ज असतो का, चौकशी केली. असतो. स्वतःच भरायचा असतो, हे बरं. रफ लिहून ठेवला.

चालणे: चौकापर्यंत. अर्ज पोस्टात टाकायचा सराव म्हणून.

२७ मार्च, गुरुवार

पाहणी अहवालाची प्रत आली. मॅडमनी केबिनमध्ये बसवून वाचायला दिली. जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे माझ्याकडून काही राहिलं असं नको.

‘सदर बाजाराचा शुभारंभ दि. २० मार्च रोजी प्रस्तुत अधिकाऱ्याच्या हस्ते झाल्याचे कोनशिला व फलकावरून स्पष्ट होते. सबब बाजार सलग पाच वर्षे चालू असल्याची अट पूर्ण होत नाही. पाहणीच्या दिवशी सकाळपासून दुपारी ३.४० पर्यंत कोणतीही विक्री झाली नसल्याचे नोडल अधिकाऱ्यांनी समक्ष सांगितले. परिशिष्ट ३ जोडलेले आढळले नाही. माफी चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही.’

पाणी प्यायलो. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे चोळत म्हणाल्या, ठराव आहे ना तुमच्याकडं? जुन्या तारखेचा, शिक्क्याचा? उद्या चारपर्यंत आणून द्या. मी स्वतः पुण्याला घेऊन जाते. तारखेपुढं कोनशिला टिकणार नाही. सोमवारी सुट्टी आहे, म्हणजे उद्याच काय ते.

म्हटलं, आहे. आत्ता आणतो.

२८ मार्च, शुक्रवार

ऑफिस पालथं घातलं. तीन कपाटं, अकरा गठ्ठे, रेकॉर्डरूम. मागच्या साहेबांची छत्री परत सापडली. एसटीनं घरी आलो. गादीखाली, देव्हाऱ्यात, विमा पॉलिसीच्या पाकिटात. नाही.

संजीवनी पण शोधत होती. शेवटी म्हणाली, ती तुमची डायरी चाळा की मागं. कुठं ठेवला ते लिहिलं असंल. म्हटलं, संकल्प म्हणजे संकल्प. तीनांपैकी एवढा एकच टिकलाय, तो पण मोडू? ती कपाळाला हात लावून आत गेली.

चार वाजून गेले. मॅडमचा फोन आला. म्हटलं, मॅडम, कागद अतिशय सुरक्षित आहे. म्हणाल्या, बरं. हा बरं आक्काच्या बरंसारखाच होता. तसा बरा नसतो हा शब्द, आज लक्षात आलं.

सव्वापाच. दमलो. एवढा दमलो की राग कुणाचा करायचा तेही सुचत नाही. वाळवीचा केला.

१ एप्रिल, मंगळवार

माफी संपली. बचाव कक्षाचं शेवटचं पत्र आलं. लेटरहेड तेच, फक्त ‘माफी बचाव’ हे शब्द पेनानं खोडून वर ‘वसुली’ लिहिलंय. माळवाडीला रीतसर ठेकेदार नेमेपर्यंत फी खात्यामार्फत वसूल करावी. स्थानिक परिस्थितीची जाण असल्यामुळं नोडल अधिकारी कायम.

म्हणजे मी.

ऋषिराजचा फोन आला होता. काका, वाईट वाटलं. टेंडर कधी निघतंय?

पुरस्काराचा अर्ज फाडला. चहात साखर दोन चमचे. पानाखालचा सल्ला: काढणीस उशीर करू नये.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी सातला माळवाडीत हजर. हातात पावतीपुस्तक, शंभर पानी. जमिनीवर फक्कीच्या रेघा मारलेल्या, चिठ्ठ्या टाकून जागा दिलेल्या. लिंबाखाली कोनशिला आहे, तिथं कुणाला बसता येत नाही.

आक्काची चिठ्ठी तिसऱ्या रांगेतली निघाली. शेवटचं टोक, सावली नाही. ओलं पोतं मेथीवर टाकून बसली होती. म्हस्कूतात्यांपासून सुरुवात करायला गेलो, तर तात्या म्हणाले, आदी घरचं करा, सोपानराव. मग आमी हायच. कुणी हसलं नाही.

आक्कापुढं जाऊन उभा राहिलो. तिनं वर बघितलं. म्हणाली, फाड पावती. सरकारी काम हाय. दोन पाट्या, चाळीस रुपये. पन माझी भवानी व्हायचीय अजून, गाठीला पैसं न्हाईत. तूच कर भवानी.

खिशात हात घातला. किती वर्षं पिशव्या नेल्या, आणि मेथीची जुडी कितीला आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. विचारावं लागलं. आक्का म्हणाली, धाला एक. दोन जुड्या आणि अर्धा किलो वांगी घेतली. चाळीस रुपये झाले. तिनं तागडीत वांगी मापली, काटा बरोबर मधे आणला. मी दिलेल्या दोन नोटा कपाळाला लावल्या, तागडीला लावल्या आणि त्याच दोन नोटा माझ्या हातात परत दिल्या. मी पावत्या फाडल्या. पुस्तकातल्या पहिल्या दोन. नाव: रतनबाई. अक्षर खराब आलं.

मग तिनं पाटीतून मूठभर मिरच्या घेतल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. म्हणाली, ह्येची पावती नगं फाडू.

लाज वाटली. लिहून ठेवतो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

पावत्या तिच्यापुढं धरल्या. म्हणाली, मी कुठं ठिवू? तूच ठिव. तुला कागद संबाळायची सवय हाय. टोमणा नव्हता तो. टोमणा मारायची तिला कधी सवयच नाही. आज तिनं ठरावाचं मात्र विचारलं नाही. दर गुरुवारी विचारायची.

एकेचाळीस जणांच्या पावत्या फाडून बाराला उठलो. आक्काची मेथी निम्मी शिल्लक होती, माना टाकलेली. एसटीत बसायला जागा मिळाली, तरी उभाच राहिलो.

संध्याकाळी आक्काच्या पावत्या डायरीत ठेवायला घेतल्या. सहज कुठलं तरी मागचं पान उघडलं. १६ जानेवारी. घडी घातलेला ठराव तिथंच होता. शिक्का अजून निळाच आहे.

खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, सेफ.

दोन्ही पावत्या त्याच पानात ठेवल्या. पुढच्या गुरुवारी हा कागद आक्काला परत द्यायचा. काय म्हणून द्यायचा, ते सुचत नाही.

संजीवनी मेथी निवडायला बसली. विचारलं, आज एवढीच दिली आक्कांनी? म्हटलं, दिली नाही, विकत घेतली. तिनं एक जुडी माझ्यापुढं सरकवली, निवडायला.